जालना जिल्ह्याचा बाजार : पाटीतल्या मालाला भाव कोण देणार?

'जालना सोन्याचा पालना' ही म्हण मराठवाड्यात शाळकरी पोरालाही पाठ असते. कुंडलिका नदीकाठचे हे शहर निजामाच्या राजवटीपासून पेठ म्हणून नावाजलेले. १९०० साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे इथून सुरू झाली आणि कापसाच्या, धान्याच्या व्यापाराला आणखी गती आली. १ मे १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून काही तालुके आणि परभणीकडचा परतूरचा भाग घेऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन आणि जाफ्राबाद असे आठ तालुके आहेत. शहरात लोखंडी सळईचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत, मोठा मोंढा आहे. हंगामात कापूस, सोयाबीन, तूर, मका यांची वाहने रस्त्याला रांग लावून उभी असतात.

हा सोन्याचा पालना पुष्कळांनी वर्णन केला आहे. आम्हाला पाहायचा होता तो मोंढ्याच्या दाराबाहेरचा बाजार. गावोगावच्या आठवडी बाजारात अगदी कडेला, पाल नाही, छत्री नाही, पुढ्यात एक गोणपाट आणि त्यावर पाल्याच्या दहा-वीस जुड्या घेऊन आपल्या माय-मावश्या बसलेल्या असतात. त्यांच्या पाटीत काय असते, ते येते कुठून, त्याचे किती सुटतात आणि ते कोणाच्या पदरात पडतात, एवढेच चार प्रश्न मनात होते. आम्ही मंडळी नोकरदार. कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी एस.टी.त. सुटीच्या दिवशी बचत गटाच्या वह्या तपासायला गावोगाव जाणे होतेच. त्या निमित्ताने वर्षभरात जेवढे बाजार पायाखाली आले, त्यांची ही हकिकत वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

पाटीत काय काय असते?

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की बांधावर, पडीक रानात तरोटा उगवतो. कोकण, देशाकडचे लोक त्यालाच टाकळा म्हणतात. याची मजा फक्त कोवळेपणी. दोन-चार पाने फुटली की खुडायचा, उकडून पिळायचा आणि लसूण-हिरवी मिरची घालून परतायचा. जून झाला की कडवट लागतो, मग त्याला गुरेही तोंड लावत नाहीत. तरोट्यामागोमाग कुर्डू, तांदुळजा, कुंजीर आणि घोळ येतात. श्रावणाच्या सुमारास डोंगराकडच्या भागात काटेरी अंगाची करटुली दिसू लागतात. जाफ्राबाद-भोकरदनकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा शेजार आहे, त्या बाजूला करटुल्यांचा वेल झुडपावर चढलेला सापडतो. वेलाचा कंद जमिनीत राहतो आणि दरवर्षी पावसाबरोबर पुन्हा फुटतो. म्हणून जाणत्या बाया फळ तोडतात, वेल उपटत नाहीत.

पुढे भाद्रपदात वाळूक येते. ज्वारी-कापसात चार बिया टोकल्या की वेल आपला आपण पसरतो. खुरपणीच्या बाया दुपारच्या भाकरीबरोबर तेच खातात. दिवाळीच्या आगेमागे अंबाडीची बोंडे लाल होतात, त्यांची चटणी होते. अंबाडीचा पाला तर त्याआधीपासूनच बाजारात असतो. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी आणि वर लसणाची खमंग फोडणी, हे आपल्या घराघरातले जेवण. थंडी पडली की रब्बीच्या रानात पाथरी जमिनीला चिकटून पसरते. ती धुऊन कच्चीच भाकरीबरोबर खायची. करडई विरळताना निघालेली कोवळी रोपे भाजीला, हरभऱ्याचा खुडलेला शेंडा घोळाण्याला. महाशिवरात्रीच्या सुमारास कवठे, उन्हाळ्यात चिवळ, शेवग्याची फुले, लोणच्यासाठी भोकरे. याखेरीज गाडग्यात राखून ठेवलेले थोडे हुलगे, कारळ, जवस, राळा. एका पाटीत वर्षाचे पंचांग मावते म्हणा ना!

यातले निम्मे कोणी पेरत नाही, ते रानात आपोआप येते. उरलेले निम्मे पेरलेले असते, पण मोंढ्यात त्याला विचारणारा नसतो. पाव किलो कारळाची हर्रासी कोण करील? दहा वाळकांसाठी अडत्या वही कशाला उघडील? असा माल विकण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे आठवडी बाजार.

वेगळा माल आणि जवळचा बाजार

जालना जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. इथे जो माल आज मोठा झाला, तो एकेकाळी वेगळा, अनोळखीच होता. आज जालन्याला बियाण्यांचे शहर म्हणतात. त्याची सुरुवात एका भेंडीपासून झाली. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतून 'पुसा सावनी' या भेंडीचे बियाणे आणून आपल्या शेतात लावले. भेंडीवर पडणाऱ्या पिवळ्या रोगापुढे ती जात टिकत असे. पुढे १९६४ साली त्यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एका भेंडीच्या बियाने शहराचे नशीब पालटले.

मोसंबीचेही तेच. बदनापूर, अंबड, घनसावंगी भागातल्या बागांनी तिला नाव मिळवून दिले. बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाने दुसऱ्या मुलखाचा माल विकता येत नाही. मात्र या मोसंबीने पाण्यावाचून रडवलेही आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात बागाच्या बागा वाळून सरपण झाल्या. टँकरचे पाणी घालून ज्यांनी झाडे जगवली, ते बहुतेक पैसेवाले. जालना तालुक्यातल्या कडवंचीने याच कोरड्या मुलखात पाणलोटाची कामे करून, शेततळी खोदून द्राक्षे पिकवली. ते गाव पाहायला दूरदूरचे लोक येतात.

आणि सर्वात बोलके उदाहरण रेशमाच्या कोषांचे. तुतीची लागवड करून रेशीम कोष काढणारे शेतकरी मराठवाड्यात होते, पण कोष विकायला त्यांना थेट कर्नाटकातल्या रामनगरला जावे लागे. कोषांची पोती घेऊन शेकडो मैलांचा प्रवास, तिथली भाषा वेगळी, भाव पाडला तर माल परत आणणेही परवडत नाही. २०१८ साली जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कोषांची बाजारपेठ सुरू झाली. राज्यातली ती पहिलीच. बाजार घराजवळ आला आणि ज्यांनी तुती लावायचा विचारही केला नव्हता, ते लावू लागले.

या साऱ्यांतून आम्ही एवढाच धडा घेतला की, वेगळा माल पिकवणे हे अर्धेच काम आहे. त्याला घराजवळ, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी गिऱ्हाईक मिळाले तरच तो माल टिकतो. भेंडीला कंपनी मिळाली, कोषाला बाजार समिती मिळाली. तरोट्याला, पाथरीला, कारळाला काय मिळाले?

भोगवर्धनची पेठ

भोकरदनला गेलो तेव्हा बाजारापेक्षा जुन्या गोष्टीच जास्त आठवल्या. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. उज्जैनकडून पैठणला, म्हणजे प्रतिष्ठानला येणाऱ्या व्यापारी मार्गावरचे नगर. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी इथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्या काळातल्या वस्तू निघाल्या. त्यात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती दूर इटलीतल्या पॉम्पेई नगरात सापडलेली आहे. यावरून इथल्या व्यापाराचा हात कुठवर पोचला होता, याची कल्पना यावी.

आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. सांची आणि भरहुत येथील स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या गावच्या माणसांनी आपल्या कमाईतला वाटा काढून शेकडो मैलांवरच्या स्तूपाला दगड दिला. राजाने दान दिले तर नवल नाही. पण सांचीच्या दानलेखांत गृहस्थ आहेत, व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्खू-भिक्खुणी आहेत, साध्या स्त्रियाही आहेत. बाजारात घाम गाळून मिळवलेला पैसा चांगल्या कामाला लावणारी माणसे याच मातीत होऊन गेली. त्याच मातीत आज बसणाऱ्या बाईच्या पदरात दिवसअखेर काय पडते, ते पाहू.

एका पाटीचा हिशेब

आम्ही बी.कॉम. झालेले. त्यामुळे कोणतीही गोष्ट जमा-खर्चाच्या दोन रकान्यांत मांडल्याशिवाय ती आमच्या गळी उतरत नाही. समजा, एका बाईने पहाटे उठून दोन तास रान तुडवले आणि चाळीस जुड्या बांधल्या. दहा रुपयाला एक जुडी धरली तर चारशे रुपये होतात. पण चाळीसच्या चाळीस त्या भावाने जात नाहीत. दुपारी बारानंतर पाला मान टाकतो. मग दहाला दोन, आणि उठताना दहाला चार. म्हणजे हातात तीनशेच्या आतबाहेर येतात. त्यातून जाण्या-येण्याचे भाडे, जागेची पावती, चहा-पाणी. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट झाले, त्याने या पाटीवाल्या बायांना मोठा हात दिला आहे. पण जिथे एस.टी. वेळेवर येत नाही तिथे काळी-पिवळीत पाटीचे भाडे वेगळे मोजावे लागते.

आता खुडण्याची मजुरी धरायची की नाही? मोंढ्यातला व्यापारी आपल्या हिशेबात हमाली, तोलाई, बारदान सगळे धरतो. आपली माय मात्र स्वतःची पहाट फुकट धरते. "रानातलं तर हाय भाऊ, त्याला का पैसे पडत्यात?" असे एका मावशीने आम्हालाच विचारले. आम्ही त्यांच्यापुढे वही ठेवली आणि दोन तास रान, एक तास निवडणे-बांधणे, पाच तास बसणे असे आठ तास मांडून दाखवले. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हंजी ह्यो रोजगारच झाला की." होय, तो रोजगारच आहे आणि त्याची हजेरी लागली पाहिजे.

मालाचा भाव पडण्याचे आणखी एक कारण आहे. भाव गिऱ्हाईक ठरवते. मोठ्या दुकानात जाऊन छापील किमतीत एक रुपया कमी न करणारा माणूस इथे दहाच्या जुडीला पाच म्हणतो. तीच करटुली शहरातल्या भाजीमंडईत पांढरपेशांच्या टोपलीत जाताना मेथी-शेपूच्या कितीतरी पट भावाने जातात. मधली रक्कम जाते सकाळी सातलाच बाजाराच्या तोंडाशी मोटारसायकल लावून पाटीच्या पाटी उचलणाऱ्या माणसाकडे. तो ठोक भावाने घेतो, दुपारचे ऊन खात नाही. त्यात त्याचा दोष फारसा नाही. बायांना एकत्र येऊन तेच करता येत नाही, ही खरी अडचण.

जागेच्या पावतीबद्दलही लिहिणे भाग आहे. आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका बहुतेक ठिकाणी लिलावाने दिला जातो. एका गावी आमच्या डोळ्यांदेखत वसुलीच्या पोराने एका आजीकडून पैसे घेतले आणि पावती दिलीच नाही. आम्ही विचारले तर म्हणाला, "पाल्याला कशाची पावती?" पैसे घेताना मात्र त्याला तो पाला दिसला नव्हता! पावती हा नुसता कागद नव्हे. आपण या बाजारात बसतो, याचा तो पुरावा आहे. माता-भगिनींनी पावती मागितलीच पाहिजे आणि डब्यात जपून ठेवलीच पाहिजे. शहरी भागासाठी २०१४ सालचा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात विक्रेत्यांचे सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती यांची तरतूद आहे. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी कर्जाची योजना निघाली, तेव्हा पहिला हप्ता दहा हजारांचा होता. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना ते मिळणे सोपे गेले.

ओटीतली भाजी गेली कुठे?

मंठ्याकडच्या एका बाजारात साठीच्या एका मावशीशी आमचे बोलणे झाले. पाटीत जेमतेम बारा जुड्या. आम्ही म्हटले, एवढ्याच? तेव्हा त्या म्हणाल्या, "पयले खुरपाय गेलं की हजेरी बी भेटायची आन ओटीत भाजी बी यायची. आता फवारा मारत्यात. हजेरी बी गेली आन भाजी बी."

या दोन वाक्यांत सारा प्रश्न आला. मराठवाड्यात ज्वारी-बाजरी मागे पडून सोयाबीन वाढले. मजुरी वाढली, वेळेवर मजूर मिळेनात, म्हणून शेतकऱ्याने तणनाशकाचा पंप पाठीला लावला. त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचाही हिशेब चुकीचा नाही. पण त्याला जे तण, ते आपल्या बाईला भाजी होती. तांदुळजा, कुंजीर, घोळ, पाथरी हे सगळे पिकातले तणच. एका फवाऱ्यात खुरपणीचा रोज बुडाला, ताटातली भाजी गेली आणि पाटीतला मालही गेला. शिवाय बांधावर औषध उडालेले असेल तर तिथला पाला खुडून खाणे जिवावर बेतू शकते. म्हणून अनेक बाया आता दूर, पडीक आणि गायरान जमिनीकडे जातात.

आणि गायरान म्हटले की आपल्या समाजाची दुखरी नस आली. भूमिहीनांना पडीक जमिनी मिळाव्यात म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली मराठवाडा-खानदेशात सत्याग्रह उभारला, १९६४ साली तो देशभर नेला. बाया लेकरांना कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. अनेकांना जमिनी मिळाल्या, अनेकांचे प्रस्ताव अजून कचेरीत धूळ खात आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला, पण शासनाच्या आदेशाने भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्यात नमूद केला. तरीही २०२२ साली राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा कित्येक घरांत चूल पेटली नाही.

या दीड-दोन एकर गायरानावरच आज हुलगा, मटकी, अंबाडी, कारळ, वाळूक अशी मिसळपेर टिकून आहे. पाणी नाही, खताला पैसा नाही, म्हणून का होईना, पण जुने बी तिथे राहिले. सरकारी शेतकरी बाजारात किंवा योजनेत नाव घालायला जावे तर पहिला कागद सातबाऱ्याचा मागतात. २०२५ पासून तर कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीवरच मिळतो. जी बाई तीस वर्षे जमीन कसते, तिच्या नावे सातबारा नाही म्हणून ती शेतकरी नाही! ज्यांच्या कब्जाची नोंद गाव नमुना एक-ई मध्ये आहे, त्यांनी तिची नक्कल काढून ठेवावी. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, नोटिसा, काहीही फेकू नये. पाटीतला माल वाचवायचा तर पाटीखालची जमीन आधी वाचवावी लागेल.

लाज कशाची?

काही घरांत आम्हाला वेगळेच ऐकायला मिळाले. मुले शिकली, शहरात गेली. आई बाजारात पाला विकते हे त्यांना कमीपणाचे वाटते. "आई, तू ते बंद कर" म्हणतात. त्यामागचे दुःख आम्ही समजू शकतो. १९७२ च्या दुष्काळात आपल्या लोकांनी खडी फोडली आणि तरोटा उकडून दिवस काढले. ही भाजी म्हणजे उपासमारीची खूण, असे मनात बसले आहे. त्याच्याही मागे गेलो तर आपल्या हातची खाण्याची वस्तू गावात कोणी विकत घेत नसे, असे म्हातारी माणसे सांगतात. सरपण घ्यायचे, गवताचा भारा घ्यायचा, पण भाजी-भाकरीला हात नाही.

आज काळ फिरला आहे. ऑगस्ट महिन्यात जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने कृषी खाते रानभाज्यांचे महोत्सव भरवते. सुशिक्षित घरांतल्या बाया तिथे येऊन तरोटा कसा करायचा ते विचारून लिहून घेतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली निघालेल्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या स्वयंपाकाची नोंद प्रथमच सविस्तर केली आणि २०२४ साली ते इंग्रजीत गेले. ज्याची लाज वाटायची ते ज्ञान म्हणून वाचले जात आहे. पण जात एका महोत्सवाने जात नाही. पालेभाजी विकताना कोणी आडनाव विचारत नाही. तीच बाई कारळाची चटणी, शेंगोळी बरणीत भरून विकू लागली की गावातली काही गिऱ्हाइके अजून आधी गटाचे नाव वाचतात. अशा वेळी माल बाहेरगावी न्यावा, पण नाव बदलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरीकडे काय केले?

आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात जहीराबाद भाग आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गावोगावच्या संघांतल्या बाया बहुसंख्येने दलित, एकेकाळच्या भूमिहीन. त्यांनी पडीक जमिनी कसून राळा, ज्वारी, कडधान्ये अशी मिसळ पिके घेतली, घरोघर बी राखले आणि न पेरता येणाऱ्या रानभाज्यांना शेतातले पीक म्हणून मान दिला. बैलगाड्यांत बियांची गाडगी मांडून त्या गावोगाव जत्रा काढतात. २०१९ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्याच राज्यात अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे, भाज्यांचे गावरान बी जमवले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईचे ते ज्ञान देशाने मानले.

विक्रीची वाटही नवी नाही. पंजाब-चंदीगडकडे १९८७ साली 'अपनी मंडी', आंध्रात १९९९ साली 'रयतु बाजार' आणि त्याच वर्षी तमिळनाडूत 'उळवर संदै' सुरू झाले. तिन्हींत मधला दलाल टाळून पिकवणाऱ्याने थेट विकायचे. आपल्याकडे २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला, म्हणजे मोंढ्याबाहेर थेट विकायला कायद्याची आडकाठी उरली नाही. वाट मोकळी आहे, चालणारे पाय हवेत.

आपल्या हातात काय आहे?

गावोगाव हिंडून जे सुचले ते थोडक्यात मांडतो.

पाच-सात जणींनी मिळून एक पाल घ्यावे. एकीने खुडावे, दोघींनी निवडून जुड्या बांधाव्यात, दोघींनी बसावे. पाळी लावली तर आठ तासांचे ओझे वाटले जाते आणि एकच भाव राहतो. आपसांत भाव पाडू नये.

पाला पहाटेच खुडावा, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावा, पाणी मारायचे तर स्वच्छच मारावे. गटारीकाठचा, फवारलेल्या बांधावरचा पाला कितीही लुसलुशीत दिसला तरी आणू नये. गिऱ्हाईक एकदा आजारी पडले की सगळ्या बाजाराचे नाव जाते. आणि जी भाजी स्वतःच्या घरी खाल्लेली नाही, ती दुसऱ्याला विकू नये. घेणाऱ्यांनीही ओळखीचीच भाजी घ्यावी. घोळ, अंबाडीसारख्या आंबट भाज्या मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून खाव्यात.

चटणी, लोणचे, पापड विकायचे असतील तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. वहीत रोजचा जमा-खर्च लिहावा. घरातली आठवी-नववीतली पोरगी हे काम हसतहसत करील आणि तिचे गणितही पक्के होईल.

शहरात राहणाऱ्या समाजबांधवांना आमची एक विनंती आहे. रविवारी विहारात वंदनेला आपण जमतोच. गावच्या बायांना त्या दिवशी विहाराच्या आवारात दोन तास बसायला जागा द्या. भाडे नाही, ठेकेदार नाही, घासाघीस नाही. पन्नास घरांनी आठवड्याला दोन-दोन जुड्या घेतल्या तर शंभर जुड्या होतात. दहाच्या भावाने हजार रुपये सरळ त्या हातात जातील, जे हात पहाटे ओले झाले होते. समृद्धी महामार्गावरून गाड्या आज जिल्हा झपाट्याने ओलांडून जातात, त्या काही पाटीपाशी थांबणार नाहीत. आपण थांबू शकतो.

पाडव्याला, जयंतीला, वर्षावासाच्या समारोपाला आपण नवे कपडे घेतो. यंदा पावसाळ्यात अंगणात, पत्र्याच्या डब्यात, गॅलरीतल्या कुंडीत अंबाडीच्या चार बिया टाकून पाहा. बी पाटीवाल्या मावशीकडेच मागा, त्या नाही म्हणणार नाहीत. पैसे मात्र दिल्याशिवाय घेऊ नका.